मॅटॅडोरचे मूळ : एका ऐकीव समजुतीची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या वस्तूचा इतिहास लिहिला जात नाही, तिचा इतिहास सांगितला जातो. किल्ले, ग्रामदैवते, राजघराणी यांच्याविषयी अशा रीतीने सांगितल्या गेलेल्या इतिहासाची चिकित्सा मराठीत पुष्कळ झालेली आहे. यंत्रांच्या वाट्याला मात्र ती फारशी आलेली नाही. यंत्र हे अलीकडचे, कारखान्यात तयार झालेले, कागदोपत्री नोंदलेले. तेव्हा त्याच्या उत्पत्तीविषयी दंतकथा निर्माण होण्यास अवकाशच कोठे, असे वरवर पाहता वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. यंत्राचे कागद कारखान्यात राहतात आणि यंत्र रस्त्यावर येते. रस्त्यावर त्याची जी वंशावळ तयार होते, तिला कागदांचा आधार नसतो.

'मॅटॅडोर' हे वाहन याचे उत्तम उदाहरण होय. आज ज्यास सर्रास 'पिकअप' म्हणतात, त्या जातीच्या हलक्या मालवाहू मोटारींपैकी ही एक जुनी व नामांकित गाडी. मागे उघडा हौदा असलेली मालाची गाडी आणि बंद शरीराची प्रवासी गाडी अशा दोन्ही रूपांत ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत महाराष्ट्रात वावरली. मोंढ्यात माल आणणे, लग्नाचे वऱ्हाड नेणे, नाटक मंडळींचे सामान वाहणे ही तिची कामे. या गाडीविषयी जुने चालक, गॅरेजमधील कारागीर आणि हौशी संग्राहक यांच्या बोलण्यात एक विधान हमखास येते : 'मॅटॅडोर म्हणजे मूळची मर्सिडीजच आहे म्हणे.'

या विधानाची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विधान खरे की खोटे एवढ्यापुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. असे विधान कशातून निर्माण होते, ते कोणत्या पुराव्यावर उभे राहते आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्याचे व्याकरण कसे पालटते, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकास अधिक उपयोगाचे आहे.

२. समजुतीचे पाठ

हस्तलिखितांचे संपादन करताना प्रथम उपलब्ध पाठ वेगळे करावे लागतात. त्याच रीतीने येथेही तीन पाठ वेगळे करता येतात.

पहिला पाठ असा की, ही गाडी 'बजाज'ची आहे. दुसरा पाठ असा की, ती मर्सिडीजच्या आराखड्यावरून तयार झाली. तिसरा पाठ असा की, सपाट तोंडाच्या फोक्सवॅगन गाडीची ती नक्कल आहे. तिन्ही पाठ परस्परविरोधी आहेत. तरीही एकच मनुष्य एकाच संभाषणात यांपैकी दोन पाठ विनासंकोच सांगू शकतो. ऐकीव ज्ञानाचे हे लक्षणच आहे. ऐकलेल्या गोष्टी मनात शेजारी शेजारी राहतात. त्यांना एकमेकींसमोर उभे करून जाब विचारला जात नाही.

पहिल्या पाठास छत्रपती संभाजीनगरात विशेष अनुकूलता आहे. २०२३ पर्यंत औरंगाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या पश्चिमेस वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि 'बजाज' हे नाव येथील हजारो घरांच्या चुलीशी जोडले गेले. मॅटॅडोरच्या कंपनीचे नाव 'बजाज टेंपो'. तेव्हा ती गाडीही त्याच घरची, असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु बजाज ऑटो आणि बजाज टेंपो या दोन स्वतंत्र कंपन्या होत्या, आणि दुसरीचे संस्थापक नवलमल कुंदनमल फिरोदिया हे होते. २००५ मध्ये तिचे नाव 'फोर्स मोटर्स' झाले. नावातील पूर्वपद संपूर्ण वस्तूचे मूळ सांगते, असा सोयीचा समज या पाठाच्या बुडाशी आहे.

३. वंशवृक्ष

आता ज्ञात इतिहास क्रमाने मांडणे आवश्यक आहे.

जर्मनीतील हँबर्ग येथे १९२० च्या दशकात 'फिडाल उंड झोन' या कुटुंबसंस्थेने 'टेंपो' या नावाने हलकी मालवाहू वाहने तयार करण्यास आरंभ केला. कारखाना हँबर्गच्या हार्बुर्ग या भागात होता. तीन चाकांची, स्वस्त आणि आटोपशीर वाहने ही या संस्थेची ख्याती. एंजिन पुढे ठेवून पुढच्याच चाकास गती द्यावयाची, म्हणजे मागची जागा मालासाठी मोकळी राहते, हे तिच्या रचनेचे सूत्र होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने 'हान्झेआट' ही तीनचाकी आणि १९४९ मध्ये 'मॅटॅडोर' ही चारचाकी गाडी काढली. मॅटॅडोरमध्येही गती पुढच्या चाकांनाच दिलेली होती आणि त्यामुळे मालाची फळी जमिनीपासून बरीच खाली ठेवता आली.

या पहिल्या मॅटॅडोरचे एंजिन फोक्सवॅगनचे होते. १९५२ मध्ये तो पुरवठा थांबला. त्यानंतर काही काळ लहान द्विघाती एंजिने, पुढे ब्रिटनमधील ऑस्टिनची एंजिने वापरण्यात आली. १९६३ मध्ये मॅटॅडोरची नवी मालिका निघाली. दरम्यान १९५५ मध्ये रीनस्टाल या पोलाद उद्योगसमूहाने टेंपोत भांडवल घातले होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास सगळा कारखाना त्या समूहाकडे गेला आणि तीच गाडी समूहातील 'हानोमाग' या नावाने विकली जाऊ लागली. हानोमागचा पुढे हेन्शेलशी संयोग झाला आणि गाडी 'हानोमाग-हेन्शेल' झाली. १९६९ पासून डाइम्लर-बेंझने हा व्यवसाय टप्प्याटप्प्याने आपल्याकडे घेतला. त्यानंतर त्याच गाडीच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा बसला आणि 'एल २०६ डी' व 'एल ३०६ डी' या नावांनी ती १९७७ पर्यंत तयार होत राहिली. जर्मनीत तिला 'हार्बुर्गर ट्रान्सपोर्टर' म्हणत. स्थलनामात जुने जन्मस्थान टिकून राहते, हा नामशास्त्रातील परिचित नियम येथेही प्रत्ययास येतो. मालकाचे नाव वेळोवेळी पालटले. हार्बुर्ग मात्र कायम राहिले.

भारतातील शाखा याहून निराळी निघाली. १९५८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, फिरोदिया यांनी हँबर्गच्या टेंपोशी करार करून आपली कंपनी उभारली. प्रथम मुंबईत गोरेगावास आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीस तिचे काम चाले. आरंभी तीनचाकी हान्झेआट, आणि १९७० च्या सुमारास चारचाकी मॅटॅडोर, असा उत्पादनाचा क्रम होता. कंपनीत मूळ जर्मन टेंपोचा जो भाग होता, तो तेथील मालकी पालटल्यावर डाइम्लर-बेंझकडे आला. १९८० च्या दशकात मर्सिडीजचे 'ओ. एम. ६१६' हे चार नळकांड्यांचे, सुमारे २.४ लिटर क्षमतेचे डीझेल एंजिन परवान्याखाली भारतात तयार होऊन मॅटॅडोरमध्ये बसू लागले.

या वृत्तांतावरून समजुतीचा दुसरा पाठ कोठे खरा आणि कोठे चुकीचा, हे निश्चित करता येते. मर्सिडीजशी मॅटॅडोरचा संबंध होता. एंजिनातही होता, भांडवलातही होता. परंतु आराखडा मर्सिडीजचा नव्हता. तारा लावलेली जर्मन गाडी आणि बजाज टेंपोची मॅटॅडोर या दोघी एकाच हार्बुर्गच्या पूर्वजापासून निघालेल्या बहिणी होत. समजुतीने त्यांपैकी एकीस दुसरीची आई ठरविले.

४. शब्दसंग्रह आणि व्याकरण

ही चूक भाषेच्या विद्यार्थ्यांस अनोळखी नाही. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांतील साम्य प्रथम लक्षात आले तेव्हा त्यांपैकी कोणती भाषा कोणत्या भाषेची माता, असाच प्रश्न विचारला गेला. त्या तिन्ही एका लुप्त पूर्वजाच्या संतती असाव्यात, ही कल्पना स्थिर होण्यास काळ लागला. ज्ञात आणि प्रतिष्ठित व्यक्तीस पूर्वज मानणे मनास सोपे जाते. विस्मृत पूर्वजाचे अनुमान करणे अवघड जाते. हार्बुर्गचा टेंपो विस्मृत आहे, मर्सिडीज प्रतिष्ठित आहे. समजुतीचा कल यावरूनच ठरला.

पुराव्याच्या स्वरूपातही साम्य आहे. मॅटॅडोर मर्सिडीजची, हे सांगणारा मनुष्य पुरावा म्हणून एंजिनाकडे बोट दाखवितो. परंतु एंजिन हा गाडीचा सर्वांत बदलता येण्याजोगा भाग आहे. फोक्सवॅगन, ऑस्टिन, मर्सिडीज अशी एंजिने या घराण्यात आली आणि गेली. ज्याने १९५० साली एंजिन उघडले असते, त्याने ही गाडी फोक्सवॅगनची म्हटले असते. ज्याने १९६० साली उघडले असते, त्याने तिला इंग्रज ठरविले असते. तिसऱ्या पाठातील फोक्सवॅगनचा उल्लेख निव्वळ बाह्य रूपावरून आलेला आहे. परंतु त्यालाही कालक्रम अनुकूल नाही. फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध सपाट तोंडाच्या गाडीचे उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झाले, तर टेंपोची मॅटॅडोर १९४९ मध्येच निघाली होती. शिवाय फोक्सवॅगनच्या त्या गाडीचे एंजिन मागे होते आणि गती मागच्या चाकांना होती. रूपाचे साम्य आहे, घडणीचे नाही.

उलट, पुढच्या चाकांना गती देण्याची रचना या सर्व स्थित्यंतरांत अबाधित राहिली. मर्सिडीजने स्वतः रचलेल्या त्या काळच्या हलक्या मालवाहू गाड्यांत, म्हणजे १९५५ ची 'एल ३१९' आणि तिच्यानंतरच्या मालिका यांत, गती मागच्या चाकांना दिलेली आढळते. त्या कुटुंबात 'एल २०६ डी' ही गाडी परक्या घरून आलेली म्हणून उठून दिसते. अशी जी वैशिष्ट्ये सहज उसनी घेता येत नाहीत आणि एकाच घराण्यात पिढ्यानुपिढ्या आढळतात, ती आप्तसंबंधाचा खरा पुरावा होत.

एंजिन हा उसना शब्द होय, चालनरचना हे व्याकरण होय. मराठीत दुकान, कागद, जमीन, वकील हे शब्द फार्सी-अरबीतून आले म्हणून मराठी फार्सीची कन्या होत नाही. तिची विभक्तिव्यवस्था व क्रियापदे तिचे मूळ प्राकृतात दाखवितात. भाषांच्या उत्पत्तीविषयी होणाऱ्या लौकिक वादांत शब्दांच्या याद्या सादर केल्या जातात, त्या बहुतांशी एंजिनाकडे दाखविलेल्या बोटासारख्या असतात.

तथापि हा दृष्टांत ताणता कामा नये. रचनाही क्वचित उसनी घेतली जाते. 'आम्ही' आणि 'आपण' हा श्रोत्यास वगळणारा व समाविष्ट करणारा भेद मराठीत आहे आणि तो द्राविडी भाषांच्या सहवासाचा परिणाम मानला जातो. तेवढ्यावरून मराठी द्राविडी ठरत नाही. एकाच लक्षणावर वंश ठरवू नये, अनेक लक्षणे आणि कालक्रम एकत्र जुळावेत, हीच सावधगिरी गाडीच्या बाबतीतही पाळली पाहिजे. मॅटॅडोरच्या बाबतीत चालनरचना, नाव, करार आणि कालक्रम ही चारही साधने हार्बुर्गकडेच निर्देश करतात, म्हणून निष्कर्ष निश्चित होतो.

५. सादृश्य आणि नाव

समजूत रुजण्यास दोन कारणे विशेष साहाय्यक झाली. पहिले कारण सादृश्य. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला आणि तिच्या मालमोटारी 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' या नावाने धावू लागल्या. १९६९ मध्ये करार संपला, तारा जाऊन इंग्रजी 'टी' अक्षर आले. तरी आत मर्सिडीजच आहे, हे वाक्य चालकांच्या तोंडी राहिले आणि त्या वाहनांपुरते ते बरेचसे खरेही होते. लोकांच्या मनात एक साचा तयार झाला : नाव देशी, आतून मर्सिडीज. मॅटॅडोर याच साच्यात बसविली गेली. शब्दरूपे सादृश्याने घडतात तशी विधानेही घडतात.

दुसरे कारण नाव. 'टेंपो' हा मूळचा इटालियन शब्द. लॅटिन 'टेंपुस', म्हणजे काळ, यापासून निघालेला आणि संगीतात गतीच्या अर्थाने रूढ झालेला. मराठीत तो दोन वाटांनी आला. 'प्रचाराचा टेंपो वाढला' यातील टेंपो इंग्रजीच्या द्वारे आला. 'टेंपो भाड्याने आणला' यातील टेंपो हँबर्गच्या कारखान्यामार्फत आला. दुसरा शब्द इतका सामान्य झाला की कोणत्याही कंपनीच्या लहान मालमोटारीस मराठी मनुष्य टेंपो म्हणतो. विशेषनाम सामान्यनाम झाले की ते उत्पादकाची आठवण पुसून टाकते. जर्मनीत टेंपो ही संस्था मालकीच्या फेरफारात लोपली. महाराष्ट्रात तिचे नाव अमर झाले, परंतु नावामागची संस्था विसरली गेली. रिकाम्या झालेल्या जागी मर्सिडीज येऊन बसली.

नाव जसे मूळ पुसते तसे ते खोटे मूळ निर्माणही करते. 'जीप' हा शब्द 'जनरल पर्पज' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून झाला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. फोर्ड कंपनीच्या संकेतात 'जी' हे अक्षर सरकारी मागणीचे आणि 'पी' हे ऐंशी इंच चाकांतराचे चिन्ह होते. शिवाय १९३६ पासून एका लोकप्रिय अमेरिकन व्यंगचित्रमालेत 'जीप' नावाचा अद्भुत प्राणी वावरत होता. आराखड्याच्या बाबतीतही हाच प्रकार झाला. १९४० मध्ये बँटम या लहान कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी पहिला आराखडा केला. परंतु विलिस कंपनीने जीप आपणच निर्माण केल्याची जाहिरात केली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९४८ मध्ये अशी जाहिरात करण्यास तिला मनाई केली. आदेश निघाला तरी लोकांच्या स्मरणात जीप विलिसचीच राहिली. मोठे नाव लहान नावास गिळते, आणि न्यायनिर्णयाची गती लोकवार्तेहून मंद असते.

६. 'म्हणे' या शब्दाचे कार्य

आता मूळ विधानाकडे वळले पाहिजे. 'मॅटॅडोर म्हणजे मूळची मर्सिडीजच आहे म्हणे.' या वाक्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द शेवटचा होय.

'म्हणे' हे 'म्हणणे' या क्रियापदाचे रूप. त्याचे मूळ संस्कृत 'भण्' धातूत आहे. एके काळी हे रीतिभूतकाळाचे, तृतीय पुरुषी एकवचनी रूप होते. आता वाक्याच्या शेवटी येणारे 'म्हणे' लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशाचाही विकार घेत नाही. ते अव्यय झालेले आहे आणि त्याचे काम एकच : आधीचे विधान वक्त्याने स्वतः पाहिलेले नसून ऐकलेले आहे, हे नोंदविणे. वक्ता त्या विधानाची हमी घेत नाही. क्वचित त्यास अविश्वासाची अथवा उपरोधाची छटाही येते : 'मोठा विद्वान म्हणे!'

हे साधन मराठीपुरते मर्यादित नाही. संस्कृतात 'किल' हे अव्यय ऐकीव गोष्टीसाठी येते, आणि पाणिनीने लिट् लकाराची योजना वक्त्याच्या परोक्ष घडलेल्या भूतकाळासाठी सांगितली आहे. कन्नडमध्ये 'अंते', तेलुगूत 'अट', दखनीत 'कते' ही वाक्यान्ती येणारी रूपे हेच कार्य करतात. म्हणजे मराठवाड्याच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या भाषांनी ऐकलेले आणि पाहिलेले यांत भेद करण्याची सोय करून ठेवली आहे. या प्रदेशातील बोलणारा मनुष्य, सामान्यतः समजले जाते त्यापेक्षा, पुराव्याविषयी अधिक काटेकोर असतो.

मग समजूत निश्चित सत्य म्हणून कशी पसरते? याचे उत्तर भाषेच्या स्तरभेदात सापडते. 'म्हणे' हे बोलीचे लेणे आहे. औपचारिक मराठी गद्य त्यास दारात उभे करीत नाही. चालकाने सांगितलेले वाक्य वार्ताहर, स्मरणिकेचा संपादक किंवा संशोधक विद्यार्थी लिहून घेतो, तेव्हा तो 'म्हणे' काढून टाकतो. कारण तो त्यास ग्राम्य अथवा निरर्थक वाटतो. उरते ते असे : 'मॅटॅडोर ही मूळची मर्सिडीज आहे.' आशयातील एकही शब्द पालटलेला नसतो. फक्त हमी न देणारा शब्द गळालेला असतो आणि ऐकीव गोष्ट साक्ष बनलेली असते. पुढचा लेखक या छापील वाक्याचा आधार घेतो आणि तेच वाक्य परत मोंढ्यात पोहोचते. या वेळी 'छापून आले आहे' या प्रतिष्ठेसह. प्रमाणभाषेने शुद्ध केलेले वाक्य अशा रीतीने बोलीतील वाक्याहून कमी प्रामाणिक ठरते.

क्षेत्रीय अभ्यासास निघणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ नाही. गावाची स्थापना, जातीचे स्थलांतर, दुष्काळाची आठवण, बोलीचे मूळ, यांविषयी निवेदकाने दिलेली माहिती उतरवून घेताना 'म्हणे', 'म्हणतात', 'असं ऐकलंय' हे शब्द गाळले, तर निवेदकाने केलेला पुराव्याचा विवेक अभ्यासकाच्या हातून नष्ट होतो. निवेदक खोटे बोललेला नसतो. त्याच्या तोंडी खोटे घातले जाते.

७. उपसंहार

छत्रपती संभाजीनगरास अशा समजुतीचा जुना अनुभव आहे. बीबी का मकबरा ही वास्तू ताजमहालाची नक्कल, हे वाक्य प्रवाशांच्या तोंडी ठरलेले आहे. मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावर अताउल्ला या वास्तुकाराचे आणि हंसपत राय या अभियंत्याचे नाव कोरलेले आहे. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरी यांचा पुत्र, आणि ताजमहालाची रचना याच लाहोरींच्या नावे सांगितली जाते. पित्याची विद्या पुत्राने नव्या प्रदेशात, निराळ्या साधनांनी चालविली. या संबंधास परंपरा म्हणणे अधिक यथार्थ होय. 'नक्कल' या एका शब्दाने दोन कारागिरांची नावे झाकली गेली.

मॅटॅडोरच्या बाबतीतही 'मर्सिडीज' या एका शब्दाने हार्बुर्ग व आकुर्डी येथील रचनाकारांचे आणि कामगारांचे श्रम झाकले जातात. ते उघडे करण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. बदलणारे आणि टिकणारे भाग वेगळे करणे, कालक्रम लावणे, नावांचा प्रवास पाहणे आणि साक्षीदाराचा शेवटचा शब्द न गाळणे, एवढे पुरते. मॅटॅडोर ही मूळची मर्सिडीज नव्हती. ती मर्सिडीज होती असे लोक म्हणतात, हे मात्र खरे आहे. आणि ते तसेच, 'म्हणे'सह, नोंदविले पाहिजे.